कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांची निम्मी क्षमता झाली, मग संध्याकाळी कोळसाच का? आणि पैशाचं गाडं नेमकं कुठे अडतंय?

सांजवेळ

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला विषय मांडते आहे.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलं की देशातल्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता कोळसा, वायू वगैरे सोडून इतर स्रोतांची आहे. जूनअखेर सुमारे ४८५ गिगावॅटपैकी २४३ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट). हे उद्दिष्ट २०३० सालचं होतं, ते पाच वर्षं आधीच गाठलं. बातमी वाचून मला खरोखर आनंद झाला. २०१४ च्या मार्चमध्ये देशात सौर ऊर्जेची क्षमता तीन गिगावॅटसुद्धा नव्हती, आज ती शंभराच्या पुढे गेली आहे.

मी आमच्या सोसायटीची खजिनदार आहे. गेल्या वर्षी गच्चीवर २० किलोवॅटचं सोलर बसवलं. केंद्राच्या सूर्यघर योजनेतून सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८ हजार अनुदान मिळतं, ते धरूनही उरलेली रक्कम उभी करताना तीन सर्वसाधारण सभा झाल्या. आता उन्हाळ्यात दिवसाला ८०-९० युनिट येतात, पावसाळ्यात ४०. पण लिफ्ट आणि पाण्याचे पंप सगळ्यात जास्त चालतात ते सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतर. म्हणजे आमची वीज तयार होते तेव्हा आम्ही घरी नसतो, आणि घरी असतो तेव्हा ती नसते.

मला वाटतं, देशाचंही असंच झालंय. निम्मी क्षमता कोळशाबाहेरची, पण प्रत्यक्ष वापरलेल्या विजेत कोळसा अजून सुमारे सत्तर टक्के. हे अंतर का आहे? आणि ते भरून काढायला लागणारा पैसा कोणाच्या खिशातून येणार? जाणकारांनी लिहावं.

---

रानवारा

ताई, धागा उत्तम. पण निम्म्या क्षमतेला कमी लेखू नका. आमच्या पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर नव्वदच्या दशकाच्या शेवटी पवनचक्क्या आल्या तेव्हा लोक म्हणायचे, पंखे वारा खातात आणि पाऊस पळवतात. तिथून आपण इथवर आलोय.

---

तारयंत्री

वीज क्षेत्रात ३४ वर्षं काढली, त्यातली बारा भार प्रेषण केंद्रात पाळीवर, म्हणजे जिथे विजेची मागणी आणि पुरवठा क्षणोक्षणी जुळवतात तिथे. म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

क्षमता आणि युनिट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाला साधारण १६ ते २० लाख युनिट देतो. एक मेगावॅट कोळशाचा संच बऱ्यापैकी चालला तर ५५ लाखांच्या पुढे जातो. सूर्य रात्री नसतो, त्यात कोणाचा दोष नाही. म्हणजे क्षमतेत निम्मे झालो तरी युनिटांत निम्मं व्हायला आणखी कितीतरी पट उभारणी लागेल.

आता संध्याकाळ. नियंत्रण कक्षात मोठ्या पडद्यावर विजेची वारंवारता (हर्ट्झमध्ये) दिसते, ५०.००. पुरवठा मागणीपेक्षा कमी पडला की ती उतरते. ती ४९.९० ते ५०.०५ च्या पट्ट्यात ठेवायची असते. हिवाळ्यात संध्याकाळ होताना सौर ऊर्जेचा आलेख झपाट्याने उतरतो आणि त्याच तासात घराघरांत दिवे, गिझर, टीव्ही सुरू होतात. एकीकडून पुरवठा उतरतोय, दुसरीकडून मागणी चढतेय, आणि आकडा ४९.९४, ४९.९२ असा खाली सरकायला लागतो. तेव्हा पाळीवरचा माणूस पहिला फोन करतो तो कोयनेला. चौथ्या टप्प्याचे मिळून हजार मेगावॅटचे संच काही मिनिटांत भार उचलतात. कोळशाच्या संचाला तसं करता येत नाही. थंड पडलेला संच पेटवून भारावर आणायला कित्येक तास जातात, म्हणून तो दुपारी बंद न करता मंद आचेवर ठेवावा लागतो. सध्या नियमाने ५५ टक्क्यांपर्यंत उतरवतात, पुढे टप्प्याटप्प्याने ४० पर्यंत न्यायचं ठरलंय. संध्याकाळी लागणार म्हणून तो दुपारीही जळत राहतो. ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे.

५ एप्रिल २०२० आठवतंय? रात्री नऊला नऊ मिनिटं दिवे बंद. देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने खाली आली आणि परत वर गेली. जाळं कोसळलं नाही ते मुख्यतः जलविद्युतमुळे. पण कोयनेचं पाणी अमर्याद नाही, पश्चिमेकडे वळवायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची (अब्ज घनफूट) मर्यादा आहे. एप्रिल-मेमध्ये आम्ही अक्षरशः पाणी मोजून वीज काढायचो.

---

हिशेबनीस

तारयंत्री काका, फार छान उलगडून सांगितलंत. दुसरं अर्धं उत्तर पैशाचं, ते मी लिहितो. बँकेत प्रकल्पकर्जाचं काम करतो.

कोळशाच्या प्रकल्पात इंधनाचा खर्च रोजचा रोज होतो. सौरमध्ये इंधन फुकट, पण वीस-पंचवीस वर्षांचा जवळपास सगळा खर्च पहिल्या वर्षीच करावा लागतो. म्हणून सौर विजेचा दर ठरतो तो उन्हाइतकाच व्याजावर. साधा हिशोब मांडतो. मेगावॅटला ४ कोटी धरू, त्यातलं कर्ज ३ कोटी, व्याज ९ टक्के. पहिल्या वर्षाचं व्याज झालं २७ लाख. वीज १९ लाख युनिट. म्हणजे युनिटमागे १ रुपया ४२ पैसे निव्वळ व्याज. व्याज एका टक्क्याने वाढलं की युनिटमागे १६ पैसे वाढले. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो) ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. ज्यांनी आधीच्या स्वस्त व्याजावर निविदा भरल्या होत्या, त्यांचं काय झालं असेल ते या १६ पैशांवरून काढा.

आता उत्पन्न. अडीच रुपये दराने १९ लाख युनिटांचे साडेसत्तेचाळीस लाख. महावितरणसारख्या वितरण कंपनीने सात महिने पैसे दिले नाहीत तर २७-२८ लाख अडकले, म्हणजे वर्षभराचं व्याजच. प्रकल्प उत्तम चालतोय, पॅनल चकाचक आहेत, ऊन भरपूर आहे आणि कर्ज मात्र थकीत. अशा फायली मी हातांनी हाताळल्या आहेत.

ही नुसती शंका नाही. २०२२ च्या मध्याला वितरण कंपन्यांकडे वीज उत्पादकांची सुमारे १.४ लाख कोटींची थकबाकी होती. त्याआधी २०१५ मध्ये उदय योजना आली, राज्यांनी वितरण कंपन्यांचं ७५ टक्के कर्ज अंगावर घेतलं, आणि काही वर्षांत घाटा पुन्हा तिथेच. जून २०२२ च्या विलंब अधिभार नियमांनी मात्र खरा फरक पडला. जुनी थकबाकी हप्त्यांनी फेडायची, आणि नवीन बिल ठरल्या मुदतीत भरलं नाही तर बाजारातली वीज बंद. आमच्याकडच्या कर्जदारांचे पैसे त्यानंतर वेळेवर यायला लागले. एवढ्या एका नियमाने जे साधलं ते मोठमोठ्या अनुदानांनी साधलं नव्हतं, असं माझं ठाम मत आहे.

---

रानवारा

हिशेबनीस, अनुदानांवर तुम्ही जरा अन्याय करताय. २०१० च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या निविदांत सर्वांत कमी दर होता १० रुपये ९५ पैसे. २०१७ मध्ये राजस्थानात भडला इथे २ रुपये ४४ पैसे, २०२० मध्ये गुजरातच्या निविदेत १ रुपया ९९ पैसे. सुरुवातीला कोणीतरी महाग वीज घेतली म्हणून बाजार उभा राहिला ना?

---

हिशेबनीस

मान्य. सुरुवातीचा आधार हवाच होता. माझा आक्षेप आधार कशाला दिला जातो यावर आहे. तुमच्याच पठाराचं उदाहरण घ्या. पवनचक्क्यांना सुरुवातीला सवलत होती ती घसाऱ्याची. पंखा उभा केला की पहिल्याच वर्षी करात मोठी वजावट. मग वीज किती आली याकडे बघायचं कारणच उरलं नाही. नफ्यातल्या कंपन्यांनी मार्चअखेर कर वाचवायला पंखे उभे केले. युनिटांवर प्रोत्साहन देणारी योजना २००९ ला आली तेव्हा कुठे लोक वारा नीट मोजायला लागले.

---

रानवारा

हे खरं आहे. तिथले जुने छोटे पंखे आजही जून-जुलैच्या वाऱ्यात उभेच्या उभे बंद दिसतात. ऐन मोक्याच्या जागा त्यांनी अडवल्यात. त्या जागी मोठे पंखे बसवायचं धोरण २०१६ पासून आहे, २०२३ मध्ये सुधारलंही, पण एका टेकडीवर वीस मालक, प्रत्येकाचा वेगळा करार. पठारावर उभं राहिलं की कानात वारा घुमत असतो आणि डोळ्यांसमोर पाती थांबलेली, बघवत नाही. आणि काका, पावसाळ्यात सौर अर्ध्यावर येतं तेव्हाच आमच्याकडे वारा सर्वांत जास्त असतो. ही जोडी देवाने जुळवून दिलीय, आपण वाया घालवतोय.

---

माणदेशी

राम राम मंडळी. मोठी चर्चा चाललीय, मी आपलं माझ्या रानातलं सांगतो.

डाळिंब आहे चार एकर. आधी शेतीची वीज आठवडा दिवसा, आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला दीड वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं. चिखलात पाय कुठं पडतोय दिसत नाही, साप-विंचवाची भीती. माझा चुलता त्याच पायी गेला. त्यामुळं मागेल त्याला सौर पंप ही योजना आली तेव्हा दहा टक्के भरून पाच एचपीचा घेतला. आता सकाळी नऊला पाणी सुरू होतं, अकरा ते दोन धार नुसती फुगलेली असते, चारनंतर बारीक होत जाते. दर आठ दिवसांनी भल्या पहाटे ओल्या फडक्यानं पॅनल पुसतो. ऊन तापल्यावर गार पाणी मारायचं नाही, काच तडकते. एवढं केलं तरी पाण्यात फरक दिसतो. बायको म्हणते, दहा वर्षांत पहिल्यांदा रात्रीची झोप लागली.

पण एक तक्रार आहे. मागच्या मे महिन्यात कंट्रोलर बिघडला. पुरवठादाराला फोनवर फोन केले, चोवीस दिवस माणूस फिरकला नाही. झाडाला फळं लागलेली. टँकरनं पाणी घातलं, त्यात पंपाच्या हिश्श्याएवढे पैसे गेले. सरकारनं यंत्र दिलं, पण दुरुस्ती करणारा माणूस तालुक्याला एक तरी ठेवा. पोरं आयटीआय करून बसलीत गावात.

---

सांजवेळ

माणदेशी दादा, चुलत्यांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुमचा प्रतिसाद घरी सगळ्यांना वाचून दाखवला.

एक विचारते. दहा टक्के तुम्ही भरले. उरलेले नव्वद टक्के राज्य, केंद्र आणि शेवटी आम्हीच कुठेतरी भरतोय ना? ते रास्तच आहे, मला मान्य आहे, पण हिशोब समजून घ्यायचाय.

---

हिशेबनीस

ताई, नुसता पंप धरला तर खर्च मोठा वाटतो. पण शेतीची वीज आजही दरापेक्षा पुष्कळ महाग पडते, आणि तो फरक उद्योग, दुकानं आणि राज्याची तिजोरी भरते. त्यामुळे कारखाने स्वतःचं सोलर लावून वितरण कंपनीकडून बाहेर पडतात. चांगले पैसे देणारे ग्राहक गेले की उरलेल्यांवरचा भार वाढतो, मग आणखी काही जण बाहेर पडतात. अक्षय ऊर्जेतला सगळ्यात अवघड आर्थिक गुंता मला हाच वाटतो.

म्हणून मला सुट्या पंपांपेक्षा सौर कृषी वाहिनी जास्त पटते. २०१७ मध्ये राळेगणसिद्धीपासून सुरुवात झाली. सबस्टेशनजवळ दोन-पाच मेगावॅटचा प्रकल्प उभारायचा आणि गावाचा शेतीचा अख्खा फीडर (शेतीला वीज देणारी वाहिनी) दिवसा त्यावर चालवायचा. वीज तीन रुपयांच्या आसपास पडते, लांबून आणताना होणारी गळती वाचते. जमीन भाड्याने दिली तर हेक्टरला वर्षाला सव्वा लाख रुपये. इथे शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते आणि राज्याचा अनुदानाचा बोजाही खरोखर कमी होतो.

---

माणदेशी

फीडरचं आमच्याकडं अजून आलं नाही. आलं तर बरंच. पण जमीन देताना माळ द्या, पिकाऊ रान नको. आणि हो, सोलर म्हंजे डाळिंबाच्या बागेसारखंच दिसतंय. सगळा पैसा आधी मातीत घालायचा, फळ नंतर. आणि व्यापाऱ्यानं पट्टी थकवली की संपलं.

---

काळीमाती

चंद्रपूरहून लिहितेय. वडील खाणीत होते, भाऊ अजून आहे.

आमच्या घरी अंगणातली तुळस दर दोन दिवसांनी धुवावी लागते, पानांवर काळी पूड बसते. उन्हाळ्यात दोरीवरचे पांढरे कपडे संध्याकाळी करडे होतात. कोळसा लवकर जावा असं मला कोणापेक्षाही जास्त वाटतं. पण इथली निम्मी दुकानं खाणीच्या पगारावर चालतात. धाबे, ट्रक, पंक्चरवाले, शिकवण्या, सगळं. सौर प्रकल्प राजस्थान-गुजरातेत होणार, रोजगार तिकडे जाणार. आमच्या हातात काय येणार, हे कोणत्याच भाषणात नसतं.

आणखी एक. रेल्वेच्या मालवाहतुकीत वजनाने जवळपास निम्मा कोळसाच असतो. त्याच कमाईवर आपली प्रवासी तिकिटं स्वस्त राहतात. कोळसा कमी झाला की ते पैसे कुठून येणार? २०१० साली कोळशावर टनाला ५० रुपये उपकर बसवला, २०१६ पर्यंत तो ४०० केला, स्वच्छ ऊर्जेच्या नावाने. २०१७ ला तो जीएसटीच्या नुकसानभरपाईत वळवला. त्या पैशातून खाणीच्या तालुक्यांत काही उभं केलं असतं तर आज माझा भाऊ इतका घाबरला नसता.

---

तारयंत्री

काळीमाती, तुमच्या प्रतिसादावर थांबून विचार करावा लागला. आम्ही अभियंते मेगावॅट मोजतो, हे आमच्या नजरेतून सुटतं.

एक शक्यता दिसते. जुन्या औष्णिक केंद्रांजवळ जमीन आहे, वाहिन्या आहेत, सबस्टेशन आहे, शिकलेली माणसं आहेत. साठवणुकीच्या बॅटऱ्या तिथेच बसवल्या तर नव्या वाहिन्यांचा खर्च वाचेल आणि कामही तिथेच राहील. खाणीतल्या सगळ्यांना त्यात सामावता येणार नाही हे मला ठाऊक आहे. पण सुरुवात तिथून व्हावी.

---

थारचीवाट

मी मूळ नगरचा, सध्या जैसलमेरकडे प्रकल्पांवर काम करतो. इथली एक गोष्ट बाहेर कमी जणांना माहीत आहे.

सौर प्रकल्प दीड वर्षात उभा राहतो. वीज वाहून नेणारी मोठी वाहिनी व्हायला तीन ते पाच वर्षं लागतात. जागेचा हक्क, मोबदला, जंगलखात्याची परवानगी, आणि इथे माळढोकचा प्रश्न. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, मार्च २०२४ मध्ये तो आदेश शिथिल करून तज्ज्ञ समिती नेमली. मी स्वतः माळढोक फक्त दोनदा पाहिलाय, आणि तो तारेला धडकून मेलेला बघायची माझी इच्छा नाही. थोडा वेळ लागला तरी पक्षी वाचला पाहिजे.

पण परिणाम काय होतो ते सांगतो. गेल्या वर्षी मे महिन्यात दुपारी बाराला फोन आला, निर्मिती कमी करा, वाहिनीत जागा नाही. आकाशात ढगाचा ठिपका नाही, पॅनल हात लावला तर भाजतील इतकी तापलेली, आणि आम्ही इन्व्हर्टर (पॅनलची वीज जाळ्यात सोडण्याजोगी करणारी यंत्रं) बंद करत चाललोय. इन्व्हर्टरच्या खोलीत एरवी पंख्यांचा सतत घरघराट असतो. ते एकेक बंद पडत गेले की जी शांतता होते ती फार वाईट असते. त्या वेळी उत्तरेतल्या एखाद्या गावात भारनियमन चालू असेल, हे डोक्यातून जात नाही.

शिवाय २०२५ मध्ये चाळीस गिगावॅटहून जास्त प्रकल्प असे होते की निविदा झाली, पण वीज घ्यायला राज्यं करार करेनात. राज्यं म्हणतात, दुपारची वीज आमच्याकडे पुरेशी आहे, संध्याकाळची द्या. आणि करार झाला तरी खात्री कुठे? २०१९ मध्ये आंध्र सरकारने झालेले करार पुन्हा उघडले. मार्च २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने मूळ दराने पैसे द्यायला सांगितलं, पण मधली जवळपास तीन वर्षं गेलीच.

---

हिशेबनीस

आणि त्या तीन वर्षांचं व्याज देशभरातल्या प्रकल्पांनी भरलं. एका राज्याने करार मोडला की बँक पुढच्या प्रत्येक राज्याला जास्त दर लावते.

---

उन्हाळी

आयात शुल्काबद्दल कोणीच लिहिलं नाही. एप्रिल २०२२ पासून बाहेरच्या पॅनलवर ४० टक्के आणि सेलवर २५ टक्के शुल्क लागलं. हेतू देशात कारखाने व्हावेत हा. पॅनल जोडणारे कारखाने भराभर झालेही, पण सेल आणि ते ज्यापासून बनतात ते वेफर, पॉलिसिलिकॉन यांत चीनवरचं अवलंबित्व सुटलेलं नाही. मधल्या काळात गच्चीवर सोलर लावणाऱ्या सामान्य माणसाला पॅनल महाग पडलं. मी तरीही शुल्काच्या बाजूने आहे. तेलासाठी आखाताकडे बघत पन्नास वर्षं गेली, उन्हासाठी परत दुसऱ्या देशाकडे बघायचं का? सप्टेंबर २०२५ मध्ये सौर सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के केला, हे चांगलं झालं.

---

सांजवेळ

सगळ्यांचे मनापासून आभार. मला आता असं दिसतंय की गिगावॅटच्या जोडीने आणखी दोन आकडे दर महिन्याला जाहीर व्हायला हवेत. संध्याकाळी सहा ते दहा या वेळेत किती युनिट अक्षय स्रोतांतून आले, आणि कोणत्या वितरण कंपनीने उत्पादकांचे पैसे किती दिवसांत दिले. तारयंत्री काका, पहिला आकडा वाढवायला साठवणूक हाच मार्ग ना? तो परवडेल का?

---

तारयंत्री

बरोबर. दोन वाटा आहेत.

एक जुनी आणि खात्रीची. आपल्याच राज्यात घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. जादा वीज असेल तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, गरज पडली की सोडायचं. शंभर युनिट घातले तर पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. पूर्वी रात्रीच्या कोळशाच्या विजेवर पाणी चढवायचो, आता तेच काम दुपारच्या उन्हावर करता येतं. सह्याद्रीचे कडे यासाठी फार उत्तम. फक्त जंगल आणि तिथली वस्ती यांच्याशी आधी बोलून जागा निवडाव्यात.

दुसरी बॅटरी. २०२२ च्या ऑगस्टमधल्या पहिल्या मोठ्या निविदेत दोन तासांच्या साठवणुकीला मेगावॅटमागे दरमहा सुमारे १० लाख ८४ हजार रुपये मागितले होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानात सरकारी मदत धरून तो आकडा सव्वादोन लाखांच्या आसपास आला. एवढी घसरण मी माझ्या नोकरीत कुठल्याही यंत्रात पाहिली नाही. आता परवडेल का हा प्रश्न मागे पडतोय आणि किती लवकर बसवता येईल हा पुढे येतोय. हिशेबनीस म्हणतात ते व्याज इथेही आहेच, कारण बॅटरीचाही सगळा पैसा आधीच घालावा लागतो.

तिसरं म्हणजे मागणीच सरकवणं, आणि ते जवळजवळ फुकट आहे. केंद्राच्या २०२३ च्या नियमांनुसार उन्हाच्या तासांत दर किमान २० टक्के कमी आणि संध्याकाळी जास्त असायला हवा. ताई, तुमच्या सोसायटीत टाकी किती मोठी आहे?

---

सांजवेळ

वरची टाकी ४० हजार लिटरची आहे, पूर्ण दिवस पुरते. पंप सकाळी सातला लावायची पद्धत सोसायटी झाली तेव्हापासूनची, कारण विचारलं तर कोणालाच माहीत नाही. कालच वॉचमनकाकांशी बोलले. सोमवारपासून पंप सकाळी अकराला आणि दुपारी दोनला लावायचे ठरले. महिनाभराने मीटरची नोंद इथेच टाकते.

---

माणदेशी

ताई, पंप अकराला लावणार तर पॅनल पहाटे पुसून घ्या. आणि काका, ते घाटघर बघायला येता येतं का? पोराला दाखवायचंय, तो आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय.